वाफ दिली की तिसऱ्या दिवशी सोफ्याला कुबट वास

सोफा साफ करायला यंत्राने वाफ दिली. दोन दिवस घर लख्ख. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा आडवी झाले, तर नाकाशी ओल्या पोत्याचा वास. सोडा भुरभुरला, अगरबत्ती लावली, रात्रभर पंखा ठेवला. वास चार दिवस दबला आणि आभाळ भरून आलं तसा परत आला. पुढच्या खेपेला चिडून अजून दाबून वाफ दिली. वास दुसऱ्याच दिवशी आला आणि सोबत बसायच्या जागेवर चहा सांडल्यासारखं बदामी कडेचं वर्तुळ.

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हे तीनदा झालं. पहिल्यांदा नवरात्राआधीच्या साफसफाईत, मग डिसेंबरात, आणि तिसऱ्यांदा भर जुलैत, पाहुणे येणार म्हणून. तिसरी वेळ सगळ्यात वाईट. तोवर मी यंत्राला नावं ठेवत होते. त्यात यंत्राचा दोष नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आणि मिरजेला नणंदेकडेही हेच रडगाणं आहे, म्हणून कारण कसं सापडलं ते आणि त्यावर काय केलं ते सविस्तर लिहिते.

आधी सोफा कसा आहे ते सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. सागवानी सांगाडा, बसायला तीन सुट्या गाद्या, पाठ आणि हात पक्के मढवलेले. कापड शनीलसारखं लव असलेलं, पॉलिस्टरचं, मोतिया रंगाचं. कडेला मरून पायपिंग. दुकानातून आणलेला नाही, इथल्याच कारागिराकडून करून घेतलेला. त्यामुळे कापड कसं धुवायचं याची चिठ्ठी वगैरे काही नाही.

वाफेला मी कोरडी समजत होते. जाहिरातीत पांढरा ढग येतो आणि डाग उडून जातो, पाणी कुठे दिसतच नाही. पण वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब गळतात, तसंच सोफ्यात होतं. गार कापडाला वाफ लागली की तिचं तिथेच पाणी होतं. माझ्या हातातल्या यंत्राची टाकी ३०० मिलीची. मी चार टाक्या संपवायचे, म्हणजे जवळजवळ सव्वा लिटर पाणी. थोडं हवेत गेलं असेल, बाकीचं सोफ्यात. कोणी तांब्याभर पाणी सोफ्यावर ओतलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. इथे मीच ओतत होते, थोडं थोडं करून.

वास नेमका कुठून येतो?

जुलैच्या प्रकारानंतर मिरजेहून सोफा-कुशनचं काम करणारे एक चाचा आले होते. त्यांनी कापडाला हातही लावला नाही. म्हणाले, "वहिनी, गाद्या काढून आतल्या खोलीत ठेवा. दार लावा. सकाळी दोन्हीकडं वास घ्या, मग मला फोन करा." मला वाटलं टाळतायत. पण ही रात्रभराची परीक्षा फुकट आहे आणि सगळ्यांनी सगळ्यात आधी हीच करावी. वास सुट्या गाद्यांना असेल तर पाणी त्यांच्या फोममध्ये अडकलंय. चेन उघडून हात खालच्या बाजूला घाला. वरून कोरडी वाटणारी गादी खालून गार लागते. वास हॉलमध्ये उरलेल्या सांगाड्याला असेल तर गोष्ट आणखी आत आहे.

आमच्याकडे गाद्या निर्दोष होत्या. वास सांगाड्याला.

चाचांनी सोफा पालथा घातला. तळाला रेक्झिन ठोकलेलं होतं. मीच सांगितलं होतं ठोकायला, मागे उंदीर शिरला होता म्हणून. पकडीने एका बाजूच्या पिना उपसून त्यांनी रेक्झिन मागे सारलं, तर आतल्या बाजूला चक्क दव धरलं होतं. त्याच्या वर पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर अंथरलेलं बारदान. तागाचं साधं पोतं. मी त्याला बोट लावलं. दमट, आणि बोटाला फिकट तपकिरी रंग लागला. तीन वर्षं ज्याला 'ओल्या पोत्यासारखा' वास म्हणत होते, ते खरोखरच ओलं पोतं होतं.

वर्तुळाचं कोडंही तिथेच सुटलं. तागात पाण्यात उतरणारे तपकिरी घटक असतात. पाणी खाली बारदानापर्यंत गेलं की ते घेतं, आणि वाळताना पाणी वर कापडाकडे येतं, कारण हवा तिथे लागते. पाणी उडून जातं, रंग कापडावर राहतो. तळाला रेक्झिन असल्यामुळे खालून वाळायची सोयच नव्हती, सगळी ओल वरच्याच वाटेने बाहेर पडत होती. मी गाद्या उचलून खालच्या बैठकीवर जास्तच वाफ मारायचे, कारण भडंगाचे दाणे, शेव, पोरांच्या पेन्सिलीचे तुकडे सगळं तिथेच साठतं. म्हणजे पाणी बरोबर बारदानाच्या डोक्यावर.

चाचांनी रेक्झिन काढून तळाला हवा खेळती राहील असं जाळीदार कापड मारलं, बारदान बदललं आणि सांगून गेले की बैठकीवर पुन्हा वाफ द्यायची नाही, फक्त व्हॅक्यूम. वास गेला. उंदराचं म्हणाल तर त्याची वाट गॅलरीच्या दाराखालून होती, तिथे पट्टी लावली.

तुमच्या सोफ्यात बारदान नसेलही. अलीकडच्या स्वस्त सोफ्यात प्लायवूड किंवा नुसता पुठ्ठा असतो. पुठ्ठा ओला झाला की फुगतो आणि पुन्हा ताठ होत नाही. फोम लाकडाला किंवा फोमला फोम चिकटवायला कारागीर रबराचं सोल्युशन वापरतात, ते उष्णतेने सुटतं आणि गादीत गाठ झाल्यासारखं वाटतं. पिना गंजल्या तर शिवणीशी तांबूस ठिपके उमटतात. वाफ देण्याआधी एकदा सोफा पालथा घालून तळ बघाच. दोन माणसं, दहा मिनिटं.

कापड सोसेल का?

विकत आणलेल्या सोफ्याला कधीकधी गादीच्या आत किंवा तळाला चिठ्ठी असते. तिच्यावर 'डब्ल्यू' असेल तर पाण्याने साफ केलेलं चालतं, 'एस' असेल तर पाणी नको, फक्त द्रावकाने, म्हणजे ड्रायक्लीनवाल्याचं काम; 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही चालतं, आणि 'एक्स' म्हणजे नुसता व्हॅक्यूम आणि ब्रश. 'एस' आणि 'एक्स'ला वाफ अजिबात नाही.

चिठ्ठी नसेल तर चेनजवळच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढा. मोरीत, चिमट्यात धरून, काडी लावा. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, आणि त्यातल्या त्यात सुरक्षित. कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली तर सुती, ताग किंवा रेयॉन. सुती कापड आटतं. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, ओलं झालं की कमजोर होतं आणि घासलं की लव कायमची बसते. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मखमलीवर नोझल टेकवलं तर तिथे चपटा ठसा राहतो, तो मग कितीही ब्रश फिरवा, नीट जात नाही.

रेक्झिनच्या सोफ्याला वाफ देणं म्हणजे त्याची कातडी सोलायला सुरुवात करणं. खऱ्या चामड्यालाही नको, ते उष्णतेने आक्रसतं. ओलसर फडकं पुरे.

धागा पास झाला तरी मागच्या, भिंतीकडच्या बाजूला हातभर जागेवर आधी करून बघा. दहा सेकंद वाफ, लगेच पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपा, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर निकाल पाहा. ओलं असताना सगळंच ठीक दिसतं. फडक्याला रंग लागला का, कापड चुरगळलं का, लव उलटी झाली का, एवढंच बघायचं. आमच्या मरून पायपिंगचा रंग फडक्याला लागला होता. तेव्हापासून पायपिंगच्या दोन बोटं अलीकडे थांबते. सागवानाच्या हातांना आणि पायांना प्लास्टिक आणि वर टॉवेल गुंडाळते, नाहीतर पॉलिशवर पांढुरका धूसर पट्टा उठतो.

वाफेच्या आधी काय राहून जातं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे धूळ न काढता वाफ सोडणं. धुळीवर वाफ म्हणजे चिखल, आणि तो चिखल आपणच कापडात मुरवतो. आमच्याकडे उसाच्या हंगामात गॅलरीतून काळी राख येते, हाताला लागली तर काजळासारखी पसरते. ती ओली व्हायच्या आधी व्हॅक्यूमने उचलली तर उचलली, नाहीतर करड्या रेघा. मी आता आधी सांदीकोपऱ्यांत चपटं नोझल, मग वर ब्रशचं, असा दोनदा व्हॅक्यूम फिरवते. साफसफाईचा अर्ध्याहून जास्त वेळ यातच जातो आणि सोफ्याचा मळही बराचसा इथेच निघतो.

दुसरं डागांचं. आपली समजूत अशी की गरम म्हणजे जास्त ताकद. दूध, अंडं, रक्त, बाळाची उलटी, शी-शू यांचं उलट असतं. त्यातली प्रथिनं उष्णतेने आवळतात आणि धाग्याला धरून बसतात; अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही तसं. हे डाग आधी गार पाण्याच्या फडक्याने टिपून, मग जरासं भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या गार पाण्याने, पुन्हा साध्या पाण्याने, असेच काढायचे. ते गेल्यावरच वाफ. वाफेनंतर आंबट, नासलेल्या दह्यासारखा वास येत असेल तर तुमची अडचण बारदानाची नाही, असा एखादा जुना डाग तुम्ही शिजवलाय.

हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचा रंग किती पक्का याचा दाखला आमच्या सोफ्याच्या डाव्या हातावर दिराच्या लग्नापासून आहे. हळदीवर साबण लावला की डाग एकदम लाल होतो आणि माणूस घाबरून अजून घासतो. घाबरू नका, क्षारामुळे हळदीचा रंग तसा पालटतो, कुंकू करताना हेच घडतं. साध्या पाण्याने साबण काढला की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. हळदीला वाफ देऊ नये, ती आत जाते. टिपून घ्यायचं, लिक्विडच्या गार पाण्याने हळूहळू फिकट करायचं, आणि उरलेलं उन्हावर सोडायचं. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. गादीचं कव्हर सुटं असेल तर दोन-चार दिवस दुपारपर्यंत गच्चीत. कोणी स्पिरिट लावायला सांगेल, त्याने रंग सुटतो हे खरं, पण ते पेटतं. स्पिरिट, थिनर, पेट्रोल लावलेल्या जागेजवळ वाफेचं तापलेलं यंत्र न्यायचंच नाही.

आणि डोकं टेकायची जागा. सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर खोबरेलाचा टोपलीएवढा डाग होता. मी त्यावर वाफ दिली की तो नाहीसा व्हायचा आणि महिनाभरात परत यायचा, थंडीत तर हटकून. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, हिवाळ्यात बाटलीत बघतोच आपण. वाफेने ते पातळ होऊन फोममध्ये उतरायचं, डोक्याच्या उबेने हळूहळू पुन्हा वर यायचं, आणि धूळ धरायचं. तेलाच्या डागावर आधी कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाड पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. पावडर पिवळट, चिकट झाली तर अजून एक रात्र. मग लिक्विडचा नुसता फेस फडक्यावर घेऊन टिपा. शेवटी जाड टॉवेल त्या जागेवर दाबून धरून टॉवेलवरून थोडी वाफ द्या, म्हणजे पातळ झालेलं तेल टॉवेलमध्ये येतं. टॉवेलची बाजू बदलत राहा. मला तीन खेपा लागल्या.

कधी वाफ लागताच कापडावर पांढरा फेस उठतो. तो मागच्या वर्षीचा शाम्पू आहे. घरी येऊन सोफा धुऊन देणारे जातात, साबण पुरता निघालेला नसतो. उरलेला साबण चिकट असतो, म्हणून धुतलेला सोफा न धुतलेल्यापेक्षा लवकर मळतो. तिथे वाफ वाढवायची नाही. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने फेस यायचा थांबेपर्यंत टिपायचं, एका दिवशी थोडाच भाग घेऊन.

प्रत्यक्ष वाफ देताना

पाणी मी आता आरओचं घालते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की हीटरच्या कांडीवर खवले धरतात. तेच यंत्राच्या पोटात होतं आणि नोझलमधून पांढरी भुकटी कापडावर थुंकली जाते. ती डाग म्हणून घासू नका. वाळू द्या, ब्रशने झटका. यंत्राच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तर टाकीभर गार पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवायचं, ओतून द्यायचं, दोनदा खळबळायचं. टाकीत साबण, फिनेल, डेटॉल, अत्तर यातलं काहीही घालायचं नाही. गरम होऊन ते नाकातोंडात जातं आणि यंत्रही बिघडतं.

बटण दाबल्याबरोबर जी येते ती वाफ नसते. नळी आणि नोझल गार असतात, त्यामुळे पहिली पिचकारी कढत पाण्याची असते. ती बादलीत सोडायची. हे मला कळेपर्यंत आमच्या सोफ्यावर दर वेळी सुरुवातीच्या जागी एक मोठा ओला गोळा उमटायचा. मध्ये थांबलात तरी पुन्हा आधी बादली. यंत्र फार वाकडं केलं तरी पाणी येतं, म्हणून पाठीचा वरचा भाग उभ्यानेच घ्यायचा आणि खालचा भाग गुडघ्यावर बसून.

नोझलला जुन्या टॉवेलचा तुकडा रबराने बांधते. ओलावा आणि मळ दोन्ही त्यातच येतात. तुकडा काळा, ओला झाला की दुसरा. एका सोफ्याला माझे सात-आठ लागतात. हात एका जागी थांबवायचा नाही, इस्त्री फिरवतो तसा फिरवत राहायचा. मागोमाग दुसऱ्या हाताने कोरडं फडकं. फिरवून झाल्यावर तळहात ठेवून बघा. ऊबदार आणि किंचित दमट लागलं तर बरोबर. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं, तिथे आज पुन्हा नाही.

पूर्ण सोफ्याला आता माझी दीड टाकी जाते. पूर्वी चार जायच्या.

ढेकणांसाठी वाफ देणाऱ्यांचं गणित वेगळं. ढेकूण आणि त्याची अंडी ५० अंशांच्या आसपास मरतात, पण ती उष्णता शिवणीच्या आतपर्यंत पोचायला हवी. म्हणून तिथे भरभर फिरवून उपयोग नाही, एक वीत सरकायला वीस सेकंद तरी द्यावे लागतात, आणि जोराचं बारीक नोझल न वापरता रुंद, फडकं बांधलेलं. बारीक झोताने ढेकूण उडून पलंगाखाली जातात आणि आपण समजतो मेले. मात्र हे शिवणी आणि लाकडाच्या फटींपुरतंच. पसरट गादीवर असं रेंगाळलात तर पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीचा वास.

विजेचं एकदा बघून घ्या. माझं यंत्र १५०० वॅटचं आहे, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढतं. ते मोबाईल लावायच्या छोट्या सॉकेटला लावायचं नाही, एक्स्टेन्शन बोर्डला तर नाहीच. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. सोफ्यामागे भिंतीत स्विचबोर्ड असेल तर सोफा आधी पुढे ओढा. मोटर असलेल्या रिक्लायनरच्या सांध्यांत वाफ सोडू नका. आणि टाकी संपली म्हणून गरम यंत्राचं झाकण फिरवू नका. प्लग काढा, वाफ यायची बंद होईपर्यंत बटण दाबून धरा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग उघडा. माझ्या उजव्या मनगटावर नाण्याएवढा डाग आहे तो याच घाईचा. वाफेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल बसतो. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा. टूथपेस्ट, हळद, बटाटा काही लावायचं नाही. मुलं तेवढा वेळ शेजारी खेळायला.

वाळलंय हे कसं ओळखायचं

हाताला कोरडं लागणं हा पुरावा नाही, तिथेच मी तीनदा फसले. आता मी गाद्या तोलते. प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा मिळतो ना, त्याला गादी ओढणीच्या झोळीत अडकवायची. वाफेआधी मधली गादी १ किलो ९४० ग्रॅम भरली, वाफेनंतर १ किलो ९९०. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा १ किलो ९४०, म्हणजे वाळली, जागेवर ठेवली. उत्सुकतेपोटी एकदा एक गादी माझ्या जुन्या पद्धतीने केली, तर काटा २ किलो २१० वर गेला आणि चौथ्या दिवशीही ५० ग्रॅम जास्तच दाखवत होता. हसून हसून नवरा म्हणाला, आता बाजरीच्या पोत्यासारखी पावतीही फाड.

वाळवताना गाद्या आडव्या पसरायच्या नाहीत. दोन गाद्या एकमेकींना टेकवून तंबूसारख्या उभ्या, चेन उघडी, आणि पंखा शेजारून. छताच्या पंख्याला फक्त वरची बाजू मिळते. सांगाड्याला एका बाजूने विटा लावून थोडा उचलला की खालूनही वारा फिरतो. एसी असेल तर ड्राय मोडवर. ऊन चालतं, पण सकाळचं कोवळं आणि गादीची उलटी बाजू वर करून. कडक उन्हात कापड विटतं आणि उघडा फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो.

यामुळे वर्षातला काळ आपोआप ठरतो. मार्च ते मे सांगलीत सोफा एका दिवसात वाळतो. ऑक्टोबरच्या उन्हातही छान, मात्र नवरात्र सप्टेंबरात आलं आणि परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर गोधड्या धुवा, सोफ्याला नुसता व्हॅक्यूम करा. जून ते सप्टेंबर यंत्र माळ्यावर. पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात याचा विचारही नको.

वर्तुळ उमटलंच तर ताजं असतानाच वाटीभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून, फडकं घट्ट पिळून, कडेकडून मध्याकडे टिपत जा. मागच्या बाजूला आधी करून बघा. मग त्यावर कोरड्या टॉवेलची चौपदरी घडी आणि वर चार-पाच किलो वजन. आमच्याकडे दिवाळी अंकांचा गठ्ठा कामाला येतो. खालून चढणारा रंग कापडात न थांबता टॉवेलमध्ये जातो. सकाळी टॉवेलवर पिवळसर नकाशा दिसला की समजायचं काम झालं. व्हिनेगर वापरलं त्या दिवशी ब्लीचिंगचं काहीही जवळ आणू नका, दोन्हींचा विषारी वायू होतो.

फोमवर काळे किंवा हिरवट ठिपके दिसले तर वाफेने बुरशी जाईल या भरवशावर राहू नका. वरची मरते, आतली राहते, आणि ओल मिळाल्यावर पुन्हा पसरते. फोम बदला. तो नवा घालायचा खर्च नव्या सोफ्यासमोर काहीच नाही.

एक शेवटचं, कारण आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की नदीकाठच्या गावभागातल्या मावशीचा फोन येतोच. २०१९च्या महापुरानंतर तिने सोफा धुऊन, वाळवून ठेवला होता आणि २०२१ला पुन्हा बुडाला. पुराच्या पाण्यात भिजलेल्या सोफ्याला वाफ देऊ नये. त्यात गाळ असतो, गटाराचं पाणी असतं, आणि ते गादीच्या गाभ्यापर्यंत गेलेलं असतं. हातमोजे, मास्क घालून कापड, फोम, बारदान सगळं फाडून टाकायचं. सागवानाचा सांगाडा तेवढा धुऊन, सावलीत महिनाभर वाळवून पुन्हा मढवता येतो. मावशीचा तसाच मढवला, त्याच चाचांनी, या वेळी तळाला जाळी लावून.

आमच्या सासूबाईंच्या खुर्चीवर आता टॉवेल असतो. त्यांना तो आवडत नाही. पाहुणे आले की त्या तो काढून मांडीखाली घेतात आणि पाहुणे गेले की परत टाकायला विसरतात.